सुखलालच्या हातचं पाणी

भडोच स्टेशनवर हमालाने माझी लाकडी पेटी डोक्यावर घेतली आणि लगेच खाली उतरवली. "बेन, आमां शुं छे?" (बाई, यात काय आहे?) त्याने विचारलं. मी म्हटलं, पाणी भरायच्या बाटल्या आहेत, रिकाम्या. रिकाम्या बाटल्या एवढ्या जड असतात यावर त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पेटीत काचेच्या बुचाच्या बाटल्या होत्या, दोन औषधांच्या कुप्या होत्या आणि सगळ्यांत खाली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली, आमची पितळी नळी होती. पेटी कशीबशी डब्यात चढली. मी तिच्यावरच बसले आणि गाडी सुटली.

ज्यांना हा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नर्मदा जिथे समुद्राला मिळते तिथे आमची लहानशी प्रयोगशाळा आहे. भरतीला समुद्र आत येतो, ओहोटीला नदी बाहेर जाते, आणि मधल्या गढूळ पाण्यात समुद्राचं काय आणि नदीचं काय हे वेगळं काढत आम्ही बसतो. मीठ समुद्राचं आणि गाळ नदीचा, इतकं सोपं ते असतं तर आम्हाला कुणी पगार दिला नसता. नदी वरून काय घेऊन आली हे कळायचं तर वर जाऊन तिचं पाणी पाहायला हवं, असं आमच्या साहेबांचं मत पडलं. त्यांनी नकाशात जबलपूरवर बोट ठेवलं. मी ताबडतोब हो म्हटलं, कारण जबलपुरात माझी मावशी राहत होती आणि नवरात्र चालू होतं.

पासष्ट सालची लढाई नुकतीच थांबली होती. भुसावळला गाडी बदलली तेव्हा फलाटभर जवान होते, कुणाच्या हाताला पट्टी, कुणी ट्रंकेवर डोकं टेकून झोपलेला. डब्याच्या काचांना ब्लॅकआउटचा काळा कागद अजून तसाच चिकटलेला होता. तो सोलून मी बोटभर खिडकी तयार केली आणि इटारसीपासून पुढचा मुलूख त्या खिडकीतून पाहिला. काळी माती, हरभऱ्यासाठी नांगरलेली शेतं, आणि डाव्या हाताला कुठेतरी, दिसत नसली तरी सोबत चाललेली नर्मदा. शहपुऱ्याला एक बाई ओल्या सिंघाड्यांची टोपली घेऊन चढली. तिने मूठभर सिंघाडे माझ्या ओटीत टाकले आणि कुठे निघालीस म्हणून विचारलं. नर्मदेचं पाणी न्यायला आले आहे म्हटल्यावर तिने दोन्ही हात कपाळाला लावले. "बडे भाग," ती म्हणाली. मी कसलं पाणी नेणार आहे हे तिला समजावून सांगायचा धीर मला झाला नाही.

जबलपूरला उतरल्यावर पहिलं विघ्न आलं. स्टेशनवरच्या शिपायाने पेटी उघडायला लावली आणि लुगड्यातली पितळी नळी बाहेर निघताच तो दोन पावलं मागे सरला. हातभर लांब, दोन्ही टोकांना झाकणं, बाजूला खटके. लढाईच्या दिवसांत तिच्याकडे पाहून कुणालाही घाम फुटला असता.

"ये क्या है? गोला है?"

"इसमें पानी भरते हैं," मी म्हटलं.

"पानी लोटे में भरते हैं, बहनजी."

मी त्याला समजावू लागले, की ही दोरीला बांधून खोल सोडायची, मग दोरीवरून एक वजन घसरवायचं, ते आदळलं की नळी उलटते, झाकणं लागतात आणि त्या खोलीचंच पाणी आत बंद होतं. हे ऐकून त्याचा संशय आणखी वाढला. तेवढ्यात गर्दीतून माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, धोतराचा सोगा सावरत आले. "अरे भैया, हमारी भांजी है. समंदर की डॉक्टर है," त्यांनी एका दमात सांगितलं. शिपायाने मला सलाम ठोकला आणि स्वतःच्या गुडघेदुखीवर औषध विचारलं.

काका जन्मभर रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर ते एका ठेकेदाराच्या शेडमध्ये देखरेखीला लागले होते. चीनच्या लढाईनंतर या शहरात फौजेच्या कामाला ऊत आला, तेव्हा मोठ्या कारखान्यांच्या सावलीत ज्या लहान लहान शेड उभ्या राहिल्या त्यांतली ती एक. तिथे पट्ट्यांची बक्कलं, हुक, कड्या तेजाबात (आम्लात) बुडवून गंज काढत आणि वर मुलामा चढवत. काकांना या कामाचा अभिमान होता. टांग्यात बसल्यापासून ते तेच सांगत होते. "शैला, आपल्या जवानाच्या कमरेचा पट्टा तुटला नाही पाहिजे. तेवढं तर आपण करून राहिलो नं?" दर पौर्णिमेला पहाटे ग्वारीघाटावर जाऊन ते नर्मदेत बुडी मारत. घरात नर्मदेचं पाणी तांब्याच्या गडूत वेगळं ठेवलेलं असे आणि ते ओलांडून कुणी जायचं नाही.

मावशीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. जेवायला भटे का भरता (भाजलेल्या वांग्यांचं भरीत) आणि गक्कड (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) होते. गक्कड तुपात बुडवून खाताना मला माझ्या मेसच्या आमटीची कीव आली. "काहून एवढी वाळली गं तू?" मावशी म्हणाली. "समुद्राचं पाणी पिते का तिथं?"

दुसऱ्या दिवशी अष्टमी. सकाळी पेटी घेऊन ग्वारीघाटावर गेले. घाटावर नवरात्राची गर्दी होती. झेंडूच्या माळा, नारळ, पानांच्या द्रोणांतले दिवे, पंड्यांच्या छत्र्या. नावा सगळ्या यात्रेकरूंनी भरलेल्या. घाटाच्या खालच्या टोकाला मात्र एक नाव रिकामी उभी होती आणि तिचा मालक दगडावर एकटाच बसला होता. मी तिकडे वळले तशी फुलं विकणारी एक म्हातारी मागून म्हणाली, "दीदी, उसकी नाव में मत बैठो. उसका हुक्का-पानी बंद है." म्हणजे जातीने त्याला वाळीत टाकलं होतं. त्याच्या हातचं पाणी कुणी घ्यायचं नाही, त्याच्यासोबत कुणी बसायचं नाही. मला नाव हवी होती आणि दुसरी रिकामी नव्हती. शिवाय असल्या गोष्टींनी माझं डोकं लवकर तापतं. मी जाऊन सरळ नावेत बसले.

त्याचं नाव सुखलाल. पन्नाशीचा, हाडाने रुंद, बोलायला मंद. मी घाटाच्या वरच्या अंगाला, मधल्या धारेत नळी सोडली, वजन घसरवलं, दोरीला झटका बसला तसा तो पहिल्यांदा हसला. वर आलेलं पाणी मी काचेच्या बाटलीत हवेचा बुडबुडा न राहू देता भरलं आणि दोन्ही कुप्यांतले थेंब आत सोडले. बाटलीत तपकिरी साका धरला, कडक चहासारखा. मी सुखलालला सांगितलं, पाण्यात प्राणवायू भरपूर असला की हा रंग येतो, मासे त्यावरच जगतात. प्राणवायू नसला की साका पांढराच राहतो.

त्याने बाटली हातात घेऊन उजेडात धरली. मग म्हणाला, "दीदी, हमाए दहार को पानी सोई देख लो." (आमच्या डोहाचं पाणीही पाहा.)

आम्ही धारेसोबत खाली गेलो. त्याची वस्ती नदीकाठी, खडकांच्या आड. खडकांच्या एका रांगेने नदीचा तुकडा वेगळा काढला होता आणि त्यात पाणी संथ उभं होतं. तो दहार. बाभळीच्या रानातून एक नाला येऊन त्यात पडत होता. वस्तीचे पंधरावीस उंबरे याच दहारातल्या माशांवर जगत. डोक्यावर घडा घेतलेली एक मुलगी आमच्याकडे पाहून थांबली आणि पदर सावरून घरात गेली. ती सुखलालची फुलमती.

नाव थांबवून सुखलालने सगळं सांगितलं. चीनच्या लढाईच्या पुढच्या वर्षापासून दर नवरात्रात नौमीला (नवमीला) दहारातले मासे मरत होते. पाणी तांबडं व्हायचं, मासे उलटे होऊन वर यायचे. "मैया लाल हो जात हैं," तो म्हणाला. पहिल्याच वर्षी लोक घाबरले आणि पंच बसले. कुणीतरी नवरात्रात जाळं टाकलं म्हणून मैया कोपली, असं ठरलं. आणि अष्टमीच्या संध्याकाळी काठावर ओलं जाळं वाळत घातलेलं दिसलं होतं ते एकट्या सुखलालचं.

"तुमने जाल डाला था?" मी विचारलं.

"नईं दीदी. धोओ थो. नौमी खों पूजने तो थो." (टाकलं नव्हतं, धुतलं होतं. नवमीला पुजायचं तर होतं.)

त्याने हे इतक्यांदा सांगितलं असावं की आता त्याच्या आवाजात तक्रारसुद्धा उरली नव्हती. फुलमतीचं लग्न लहानपणी झालं होतं. यंदा गौना, म्हणजे सासरी पाठवणी, व्हायची. पण ज्या घरचं पाणी चालत नाही तिथे सासरचे न्यायला येणार कसे? पोरगी घरात बसली होती आणि बाप घाटाच्या टोकाला दगडावर.

मी दहाराचं पाणी काढलं. साका तपकिरीच आला, थोडा फिका, पण वाईट नव्हे. काठाजवळ लहान मासळी वळवळताना दिसत होती.

"आज तो अच्छा है," मी म्हटलं.

"आज तो आठें है," तो म्हणाला. "काल आओ." (आठें म्हणजे अष्टमी, काल म्हणजे उद्या.)

संध्याकाळी मी घरी आले, काका मात्र उशिरा आले. हात कोपरापर्यंत लाल, पण चेहऱ्यावर समाधान. चहा घेता घेता म्हणाले, "आज शेडमधी साफसफाई. वर्षभराचा मळ असते टाक्यांत. उद्या त्याच टाक्यांवर हळदकुंकू वाह्याचं, तर आतून-बाहेरून स्वच्छ नको का? पाइप मी स्वतः धरतो. मजुरांच्या भरवशावर नाही सोडत."

"स्वच्छ म्हणजे किती स्वच्छ!" मावशी म्हणाली. "मागच्या वर्षी टाकीच्या तळाशी यांनी रांगोळी घातली होती, माहीत आहे का?"

मी हसले. दिवसभर उन्हात नावेत बसून अंग आंबलं होतं. मी पानं मांडली, जेवले, आणि काकांचं बोलणं बोलण्यासारखंच कानावरून गेलं.

नवमीला पहाटे उठून पेटी उघडली तर नळी गायब. देवघरात पाहिलं. पाटावर काकांचा पाना, मावशीची विळी, कात्री, शेजारच्या मुलाची गणिताची वही, आणि मधोमध माझी नळी, चिंचेने घासून लखलखीत केलेली, तिच्या पोटावर कुंकवाचं बोट आणि वर झेंडू.

"मावशी, मला ती आत्ता हवी आहे!"

"आज नाही. खंडेनवमी आहे. हत्याराला वर्षातून एक दिवस तरी विश्रांती नको?" मावशीने पाटासमोर हात आडवा धरला. "उद्या घे. आज उचललं तर रागावते हत्यार."

मावशीशी वाद घालायची पद्धत आमच्या घरात नाही. पेटीतल्या काचेच्या बाटल्या मावशीच्या नजरेला हत्यार वाटल्या नव्हत्या, म्हणून वाचल्या होत्या. दहार काही फार खोल नव्हता, हाताने भरलं तरी चाललं असतं. बाटल्या आणि कुप्या पिशवीत घालून मी ग्वारीघाट गाठला. सुखलाल वाट पाहतच होता. मी बसताच त्याने नाव सोडली.

दहार लांबूनच दिसला. नाल्याच्या तोंडापासून अर्ध्या डोहापर्यंत पाणी गंजाच्या रंगाचं झालं होतं. दगडांवर तांबडा थर. आणि मासे. पांढरी पोटं वर करून, काठाकाठाने, वेलीला अडकलेले, खडकांच्या कपारीत साचलेले. वस्तीतली माणसं काठावर उभी होती. कुणी रडत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. आमची नाव दिसली तशा बायकांनी पोरांना मागे ओढलं. त्या सगळ्या नजरा सुखलालवर होत्या. त्या नजरांत नावेत बसून राहणं मला जड गेलं. त्याने दोन वर्षं हे कसं सोसलं असेल ते मला कळेना.

मी बाटली बुडवून भरली. थेंब सोडले. साका पांढरट, किंचित हिरवट आला आणि तसाच राहिला. मी बाटली हलवली, पुन्हा हलवली. तपकिरीचा लवलेश नाही. पाण्याला हात लावला तर बोटाच्या चिरेला झोंबलं आणि त्याला लोखंडाचा वास होता. खडकांच्या पलीकडे नर्मदा भरधार वाहत होती. तिला यातलं काही लागलं नव्हतं. मेला होता तो तिने बाजूला जपून ठेवलेला हा तुकडा.

"नाला कहाँ से आता है?" मी विचारलं.

सुखलालने नाव काठाला लावली आणि आम्ही बाभळींतून नाल्याकाठाने वर चढलो. दगडांवरचा थर वर जावं तसा जाड होत गेला. गवत करपलेलं. वळणावर एक विटांची भिंत आली, भिंतीच्या बुडाशी मोरी, आणि मोरीतून बारीक लाल धार अजून ठिबकत होती. मोरीच्या तोंडाशी तांदळाची पांढरी पूड आणि झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या होत्या. भिंतीपलीकडे घंटा वाजत होती. आरती चालू होती, आणि सगळ्यांत वर, जरा बेसूर पण मनापासून, जो आवाज लागला होता तो काकांचा होता.

मी तिथेच एका दगडावर बसले. सुखलाल भिंतीकडे पाहत होता, मग मोरीकडे, मग माझ्याकडे. त्याला सगळं समजलं होतं. "ये लोग भी पूजा के लाने धोत हैं?" (हे लोकही पूजेसाठीच धुतात?) त्याने विचारलं. मी मान डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते कुणासाठी हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

दुपारी काका प्रसादाचा नारळ घेऊन घरी आले. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, एक अष्टमीची तपकिरी, एक नवमीची पांढरी. ते म्हणाले, "अच्छा, हे तुझं समंदराचं औषध?" मी त्यांना खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. तपकिरी म्हणजे काय, पांढरी म्हणजे काय. लोखंड खाल्लेलं तेजाब पाण्यातला सगळा प्राणवायू कसा पिऊन टाकतं. मोरी, पाकळ्या, रांगोळी. आणि सुखलालचं ओलं जाळं.

ते ऐकत राहिले. नारळ हातातच होता. मावशी दारात उभी होती.

"टाक्या न धुता पूजा कशी करणार होतो मी?" अखेर ते म्हणाले.

मी नवमीची बाटली त्यांच्याकडे सरकवली.

"पाणी कुठं जाते, हे मी कधी पाह्यलंच नाही, शैला. मोरीत गेलं की गेलं. अन् दर पौर्णिमेला मी जाऊन तिच्यात बुडी मारतो." त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला. "तो काहून धूत होता म्हणाली तू जाळं?"

"नवमीला पुजायला."

"अन् मी?" एवढंच म्हणून ते उठले आणि आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी पुरणपोळी झाली होती, पण कुणाच्या पानात ती संपली नाही.

दसऱ्याला दुपारी काका नवं धोतर नेसून, हातात आपट्याची पानं घेऊन दारात उभे राहिले. दरवर्षी ते मराठी मंडळींबरोबर सीमोल्लंघनाला गावाबाहेरच्या देवळापर्यंत जात. "चल," ते मला म्हणाले, "मला ती वस्ती दाखव." मावशी आत गेली. तिने देवघरातून माझी नळी आणून माझ्या हातात दिली, कुंकवासकट.

वस्तीत पिंपळाच्या पारावर मुखिया आणि चारपाच म्हातारे बसले होते. मेलेल्या माशांचा वास हवेत होता. सुखलाल आपल्या अंगणात, सगळ्यांपासून दूर उभा होता. काका पारासमोर गेले, चपला काढल्या आणि हात जोडले. "नर्मदे हर," ते म्हणाले. आणि मग, हिंदी त्यांना उत्तम येत असूनही, अडखळत बोलले, "आपकी मछली हमने मारी है. तीन साल से. टंकी धोते हैं अष्टमी को, पूजा के लिए. पाइप मेरे हाथ में रहता है. इस आदमी ने कुछ नहीं किया."

बाटल्या दाखवायच्या म्हणून मी पिशवीत हात घातला होता. तो तसाच राहिला, कारण त्यांची गरज पडलीच नाही. तीन वर्षं सगळ्यांनी तो नाला पाहिला होता. वर काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शेडवाल्या शेठचं नाव घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि सुखलालचं नाव घ्यायला छाती लागत नव्हती.

एक जण उठून काकांवर ओरडला. दुसऱ्याने त्याला खाली बसवलं. मुखियाने सुखलालच्या अंगणाकडे बोट दाखवलं. "पाप तुमाओ, और भुगतो जाने," (पाप तुमचं आणि भोगलं याने) तो म्हणाला. मग म्हणाला, "तो पहले तुम पियो जाके हाथ को पानी. फिर हम पियें." (आधी तुम्ही याच्या हातचं पाणी प्या, मग आम्ही पिऊ.)

काका सुखलालच्या अंगणाकडे वळले. त्यांनी आधी आपट्याची पानं त्याच्या हातात ठेवली. "सोना लो, भैया." सुखलालने ती घेतली आणि काय करायचं ते न कळून कपाळाला लावली. फुलमती लोटा भरून घेऊन आली. दोन वर्षांत त्या लोट्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. सुखलालने तो तिच्या हातून घेतला, काकांनी ओंजळ पुढे केली, सुखलालने लोटा कलता केला आणि मध्येच थांबून लोट्याच्या तोंडावर आपला तळहात दाबला.

"रुको बाबूजी. जो दहार को है." (हे डोहाचं आहे.)

पारावरून कुजबुज झाली. काका म्हणाले, "दे दो. मेरा ही तो किया हुआ है."

"नईं," सुखलाल म्हणाला. "पहलो पानी है. ऐसो नईं देहों."

त्याने लोटा तिथेच अंगणाच्या कडेला उपडा केला आणि तो घेऊन नावेकडे निघाला. खडकांना वळसा घालून, नाल्याच्या तोंडाच्या वर, धारेला छाती देत तो नाव वल्हवत गेला. आम्ही सगळे उभे राहिलो. पारावरचे म्हातारेही उठून काठाशी आले. ज्याच्या हातचं पाणी कुणाला नको होतं तो आमच्यासाठी चांगलं पाणी आणायला गेला होता आणि सगळी वस्ती त्याची वाट पाहत होती. काकांची ओंजळ अजून तशीच धरलेली होती, मी त्यांना ती खाली करायला सांगितलं.

तो परतला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याने लोटा कलता केला. काका प्यायले. मग मुखियाने ओंजळ पुढे केली. मग बाकीचे, एकेक करून. आदल्या दिवशी पोराला मागे ओढणारी एक बाई प्यायली आणि पदराने तोंड पुसून सरळ फुलमतीजवळ जाऊन उभी राहिली. मीही प्यायले. पाणी गार होतं, थोडं गढूळ, आणि त्याची मी कुठलीही परीक्षा केली नाही.

दुसऱ्या दिवशी काका स्टेशनवर पोहोचवायला आले. सकाळी ते शेठकडे जाऊन आले होते. नाल्याच्या आधी खड्डा खणा, त्यात चुना टाका, टाक्यांचं पाणी तिथे निवळू द्या, मग सोडा, असं मी सांगितलं होतं ते त्यांनी शेठला सांगितलं. शेठ हसले होते आणि फौजेचा माल वेळेवर जाऊ द्या म्हणाले होते.

"मग पुढच्या अष्टमीला?" मी विचारलं.

"मी पुन्हा सांगीन. ऐकलं तर ठीक," काका म्हणाले. गाडीने शिटी दिली होती. ते खिडकीचा गज धरून सोबत चालू लागले. "अन् नाही ऐकलं, तर पाइप मी धरणार नाही. मळक्या टाक्यांची पूजा करीन. देवाला चालते बेटा, त्याला सगळं चालते. आपल्यालाच नाही चालत."

परतीच्या वाटेवर डब्याच्या काचांवरचा काळा कागद कुणीतरी काढून टाकला होता. नर्मदा एकदा उजव्या हाताला लांबवर चमकली. तिथून आमच्या खाडीपर्यंत यायला तिला किती दिवस लागतात याचा हिशेब मी एरवी चटकन केला असता. त्या दिवशी केला नाही.

प्रयोगशाळेत आल्यावर पेटी उघडली. पितळी नळीवर मावशीचं कुंकू तसंच होतं. पाणी काढायच्या नळीवर बोटाचा डागसुद्धा राहू द्यायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. मी घंगाळात पाणी घेतलं आणि नळी घासून, तीनदा विसळून, लख्ख केली. घंगाळातलं पाणी गुलाबी झालं. ते उचलून मी नेहमीसारखी मागच्या दाराशी गेले, जिथून आम्ही सगळं खाडीत ओततो, आणि उंबऱ्यावर थांबले. ओहोटी लागली होती. मी ते घंगाळ हातात धरून उभी राहिले, आणि हे कुठे टाकावं ते मला कळेना.